उजवं कोपर

उंदरांना तरी काय दोष द्यायचा. रानात दाणा उरला नव्हता, गोदामं जवळजवळ रिकामी, मग ते घरात शिरले आणि सापडेल ते कुरतडत सुटले. आधी साबण खाल्ला, मग मेणाची वडी, मग भिंतीला टांगलेल्या जुन्या लगामाच्या वाद्या. तोवर आम्ही हसण्यावारी नेलं. एका सकाळी आत्या खुंटीवरच्या कोटाला तेल लावायला गेल्या आणि कोटाची डावी बाही नुसती जाळी होऊन त्यांच्या हातात आली.

आत्या म्हणजे माझी सासू. सासऱ्यांना मी मामा म्हणते. आणि कोट ह्यांचा, माझ्या नवऱ्याचा.

तो मामांनीच शिवलेला. हे पहाटे दुधाच्या किटल्या मोटारसायकलला बांधून डोंगरापलीकडच्या पेठेत पोचवायचे, आणि त्या वळणांवरचा वारा कान कापून नेतो. म्हणून मामांनी जाड कमावलेल्या कातड्याचा कमरेपर्यंतचा कोट केला. ह्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला. गाडीची मूठ धरून धरून दोन्ही बाह्या कोपरात अशा वाकल्या होत्या की अंगातून काढून खुंटीला लावला तरी कोट हात पुढे करून उभा असायचा. लग्न करून आले तेव्हा मी अंधारात दोनदा दचकले होते. नंतर ह्यांना म्हणायचे, तुम्ही गेलात तरी तुमचा पहारेकरी मागे असतोच, मी मनासारखं वागायचं कधी?

चार उन्हाळ्यांमागे हे गेले. एका वळणावर किटल्या एका अंगाला कलंडल्या आणि गाडी ह्यांना घेऊन खाली गेली. उकाडा होता म्हणून कोट घरीच राहिला होता. लोक म्हणाले, कोट असता तर निदान अंग सोललं नसतं. लोकांचं बोलायला काय जातं. जीवच गेल्यावर अंग शाबूत राहून आम्ही काय करणार होतो?

तेव्हापासून कोट खुंटीवरच. आत्या आठवड्यातून एकदा त्याला तेल लावायच्या. उजव्या हाताने लावायचं म्हणून उजव्या बाहीजवळ उभ्या राहायच्या आणि तेल लावून झालं तरी कोपरावरचा हात काढायच्या नाहीत. मामा आणि मी तेवढा वेळ दुसरीकडे बघायचो. घरात कुणी नसलं की मीही तिथे उभी राहायचे, ते त्यांना माहीत नव्हतं. बाहीच्या तोंडात मनगटापर्यंत हात घालायचा आणि काढून घ्यायचा, बस. मी तोंडाची फटकळ, असलं काही करणाऱ्यातली नाही असं सगळ्यांना वाटतं. वाटू दे.

यंदा ओढा आटला. काठावरचे कातडं कमवायचे हौद कोरडे पडले आणि मालक कुलूप लावून निघून गेला. लोकांनी जनावरं विकली. घोडी, खेचरं काही उरलं नाही, मग खोगीर कशाला आणि लगाम कुणाला. मामांच्या कामाच्या फळीवर कातडं कापायची रापी, भोकं पाडायच्या आऱ्या, सुया नुसत्या पडून राहिल्या. तरी मामा रोज सकाळी फळीपुढे बसायचे. रापीला धार लावायची, अंगठ्याने बघायची आणि फडक्यात गुंडाळून ठेवून द्यायची. डोळ्यांत पडदा चढलेला, त्यामुळे बघणं सगळं बोटांनीच. मी गोदामात पोत्यांची तोंडं शिवायला जायचे. तेही काम कधी असायचं, कधी मुकादम दारातूनच मान हलवायचा.

तशात नणंदेचा निरोप आला. ती दूर समुद्राकाठच्या शहरात असते, एका खोलीत संसार. तिला दिवस गेलेले, हाताखाली माणूस हवं होतं, आणि इकडचे हालही तिच्या कानावर गेले होते. आईला पाठवा, तिने कळवलं, दोघांना बोलावलं असतं पण अंथरूण घालायला जागा नाही.

आत्या नाहीच म्हणत होत्या. मामाच म्हणाले, तू जा. मी फळी सोडून तिथे काय करू, लाटा मोजू? आणि तुमच्याकडे कोण बघणार, आत्यांनी विचारलं. मामांनी माझ्याकडे बोट केलं. हिच्या तोंडाच्या धाकाने मरणसुद्धा दारात यायचं नाही, म्हणाले. आत्या हसल्या आणि हसता हसता उठून चुलीकडे गेल्या. पाऊसपाणी झालं की ये परत, असं मामा म्हणाले, मी म्हणाले, शेजारीपाजारी म्हणाले. त्या वयात एवढ्या लांब गेलेलं माणूस परत येत नाही, हे सगळ्यांनाच कळत होतं. उभा जन्म एका छपराखाली काढून ती दोघं आता शेवटाला वेगळी होणार होती, आणि त्यावर घरात कुणी अक्षर काढत नव्हतं.

जायचा दिवस ठरला, आणि त्याच आठवड्यात उंदरांनी कोट धरला.

आत्या ओरडल्या नाहीत. कोट मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या. उजवी बाही चाचपून बघितली, ती शाबूत होती. पाठ, छाती, खिसे, सगळं शाबूत. मग उठून त्या मामांच्या फळीपाशी आल्या आणि कोट त्यांच्यापुढे ठेवला.

"एवढा कोट मला नेता यायचा नाही," त्या म्हणाल्या. "आणि इथे ठेवला तर उंदीर ठेवणार नाहीत. ह्याची पिशवी करून द्या मला. पण हे उजवं कोपर आहे तसं राहू द्या. पिशवीच्या पुढच्या अंगाला घ्या. काखेला लावली की माझ्या हाताखाली आलं पाहिजे."

मामांनी कोपरावरून बोटं फिरवली. "पोक आल्यासारखं दिसेल."

"दिसू दे."

मामांना ते जड गेलं. त्यांच्या फळीवरून सुरकुती राहिलेलं काम कधी बाहेर पडलं नव्हतं. सरळ म्हणजे सरळ, सपाट म्हणजे सपाट. गिऱ्हाईक म्हणायचं, चालेल हो, कुणाला दिसतंय, आणि मामा म्हणायचे, मला दिसतंय. पण ते हो म्हणाले. मला कुणी विचारलं नाही. मीही कधी नव्हे ते गप्प राहिले. आईपुढे बायकोने हक्क काय सांगायचा, असं मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोट उसवायला घेतला. मी रापीच्या टोकाने टाके कापायचे आणि मामा दोरा ओढून काढायचे. कातड्याचं असं असतं, कापडाला सुई टोचली तर मागे काही दिसत नाही, पण कातड्याला पाडलेलं भोक कायमचं. मामा शिवणीच्या कडेने बोट नेत होते आणि एकेका भोकावर थांबत होते. ही माझीच भोकं, म्हणाले. तेव्हा नजर होती, बघ कशी एका ओळीत गेलीत. नवी पाडायची नाहीत, शक्य तिथे ह्याच भोकांतून शिवू. कॉलर सुटी केली तेव्हा आतून ह्यांच्या मानेचा वास आला, आणि मी उगाच पाणी प्यायला उठले. खिशाच्या तळाशी किटलीच्या झाकणाची एक रबरी चकती सापडली. ती मी कुणाला न विचारता ठेवून घेतली.

संध्याकाळपर्यंत कोटाचे तुकडे झाले. पाठीची पिशवी होणार होती, छातीचं झाकण, उरलेल्या पट्ट्यांच्या खांद्यावर घ्यायच्या वाद्या, आणि पुढच्या अंगाला उजवी बाही. बाही शिवणीत उघडून पसरली तरी कोपराचा फुगवटा उठून दिसत होता. आत्यांनी तो तुकडा हातात घेतला, मान हलवली आणि परत फळीवर ठेवला.

पुढच्या दिवशी मुकादमाने बोलावणं पाठवलं म्हणून मी गोदामात गेले. आत्या पाण्याच्या टँकरपाशी रांगेला गेल्या. मामा घरात एकटे. पाठीचा तुकडा वाळून कडक झालेला, तो ओला करून ताणून ठेवतो, म्हणजे उद्या रापी चालेल, असं ते सकाळीच म्हणाले होते.

मी दुपारी परतले तर दाराबाहेर ताणायची मोठी फळी भिंतीला टेकवून उन्हात उभी. वर पाठीचा तुकडा, चहूबाजूंनी खिळे मारून ताणलेला. आणि त्याच्याखाली उजवी बाही. तीही ताणलेली, कडेकडेने खिळे मारलेली, वाळून खडखडीत झालेली. कोपराच्या जागचा फुगवटा पार गेला होता.

मामा दारात बसले होते. माझी पावलं ऐकून म्हणाले, "हात फिरवून बघ. एक सुरकुती सापडली तर सांग."

"मामा," मी म्हणाले, "हे काय करून बसलात?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते उठून चाचपडत फळीशी आले. बोटं पाठीच्या तुकड्यावरून खाली बाहीवर आली आणि मधोमध काही तरी शोधत फिरली. एकदा फिरली, परत फिरली. मग मामा तिथेच मातीत बसले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी उभ्या जन्मात तुमच्याकडे काय मागितलं होतं, मी म्हणाले, एक कोपर मागितलं होतं, तेवढंही तुम्हाला ठेवता आलं नाही? आणखीही बोलले. डोळ्यांवरून बोलले, वयावरून बोलले. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. ज्या माणसापुढे पेठेतले खोगीरवाले हात बांधून उभे राहायचे, तो माणूस सुनेचं ऐकून घेत मातीत बसला होता. ते बघून माझंच बोलणं मला सोसेना.

"मी नाही गं केलं," मामा म्हणाले. दोन्ही हात त्यांनी माझ्यापुढे धरले. "ह्यांनी केलं. पाठीचा ताणून झाला, तुकडे आवरायला गेलो, बोटांना फुगवटा लागला. फुगवटा लागला की ओला करायचा आणि ओढायचा, जन्मभर एवढंच केलंय ह्यांनी. खिळा मारून होईपर्यंत माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही की हे त्याचं कोपर आहे."

मग ते रडले. पोरगा गेला तेव्हा मामा रडले नव्हते, निदान माझ्या देखत नाही. मी फळी उचलून आत नेली आणि दार लोटलं.

आत्यांची गाडी परवा सकाळची. आत्या दिवेलागणीला येतील, त्यांना तेव्हाच सांगून टाकू, असं मी म्हणाले. मामा नको म्हणाले. कातडं ज्याच्यावर वाळतं त्याचा आकार धरतं, म्हणाले, परत ओलं करू. त्यांनी खिळे काढले, साबणाच्या पाण्यात बाही भिजवली, मऊ केली आणि गडव्याच्या बुडावर ओढून धरली. तो नुसता भोपळा झाला. मग स्वतःच्या कोपरावर गुंडाळून बघितली, तर त्यात तसले दोन हात मावतील इतकी ती सैल. मामांचा हात म्हणजे काटकी. हे चांगले भरदार होते.

"तुझा हात दे बघू," ते म्हणाले.

पोती उचलून माझे दंड पुरुषासारखे झालेत, त्यावरून आत्या माझी थट्टा करायच्या. मामांनी दंड चाचपला. पुरेल, म्हणाले, थोड्या चिंध्या गुंडाळल्या की पुरेल. पण आज नको, आज आत्या येतील आणि कातडं धड वाळायचं नाही. उद्या त्या निरोप घ्यायला घरोघर जाणार होत्या. तेव्हा करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ वळली आणि आम्ही दार लावलं. मामांनी माझ्या उजव्या हाताला चिंध्यांचे वेढे दिले, वर ओलं कातडं चढवलं आणि दोरीने आवळलं. गार पाणी काखेत गेलं.

"धर, गाडी धर," मामा म्हणाले.

मी फळीवरचा हातोडा मुठीत धरला आणि हात पुढे केला.

"एवढा नाही. कोपर जरा बाहेर काढ. तो कोपर बाहेर काढून चालवायचा, किती वेळा ओरडलो मी."

"मला नका सांगू," मी म्हणाले. मला सांगायची गरजच नव्हती. लग्नानंतर त्या गाडीवर मागे बसून मी कितीदा पेठेला गेले होते. वाऱ्याने डोळ्यांना धार लागली की ह्यांच्या उजव्या कोपराच्या मागे तोंड लपवायचे. म्हणून तर ते कोपर बाहेर निघायचं. मामांना ते कधीच माहीत नव्हतं आणि त्या दिवशीही मी सांगितलं नाही. हात जसा असायचा तसा वाकवला आणि उन्हाच्या तिरिपेत बसले.

कातडं वाळताना आवळतं. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग पंजा सुजल्यासारखा झाला. मामा दर थोड्या वेळाने येऊन विचारत होते, सैल करू का? मी नको म्हणत होते. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. चार वर्षं मी चोरून मनगटापर्यंत हात घालत होते, आणि आज अख्खा हात त्या बाहीत होता, कुणी बघेल ही भीती नव्हती. तिथे बसल्या बसल्या मी ह्यांच्याशी खूप बोलले. मोठ्याने नाही.

आत्या लवकर परतल्या. आम्ही घाईघाईने कातड्यावर आणखी चिंध्या बांधल्या आणि वर शाल टाकली. मामांनी सांगितलं, पोतं उचलताना काल हात मुरगळला म्हणे, आज सुजलाय, मीच बांधून दिलाय, हलवायचा नाही. मामांना खोटं बोलता येत नाही. पण आत्यांनी काही खोदून विचारलं नाही.

"तोंड मुरगळलं नाही ना, मग चालेल," एवढंच म्हणाल्या.

आणि मग त्यांनी तो उरलेला दिवस, त्या घरातला त्यांचा शेवटचा दिवस, माझी चाकरी केली. घागर त्यांनी आणली. चूल त्यांनी पेटवली. भांडी घासली, अंगण झाडलं. मी उठायला गेले की बस म्हणायच्या. जेवताना घास करून माझ्या तोंडात भरवला, गरम असला तर फुंकर घालून. पलीकडे मामा ताटात बोटं फिरवत बसले होते, त्यांचा घास उचलला जात नव्हता. मधूनमधून आत्या मला सांगत होत्या, ह्यांना भूक लागली तरी सांगायचे नाहीत, तूच वाढत जा. गुडघे दुखले की रापीला जास्त वेळ धार लावत बसतात, त्यावरून ओळखायचं. मी हं हं करत होते.

दुपार कलल्यावर त्या माझ्या मागे बसून माझे केस विंचरायला लागल्या. मी सून म्हणून आले तेव्हापासून त्यांनी कधी माझ्या केसांना हात लावला नव्हता, आम्हा दोघींचं तसलं नव्हतंच. विंचरता विंचरता त्या थांबल्या आणि माझ्या बांधलेल्या दंडावर त्यांनी हात टेकला.

"तो गेल्यावर तू माहेरी निघून जाशील असं वाटलं होतं मला," त्या म्हणाल्या. "गेली असतीस तर मी बोल लावला नसता. का राहिलीस ते कधी विचारलं नाही तुला. राहूनच गेलं विचारायचं."

उत्तराची वाट आत्यांनी बघितली नाही. गाठ सोडवली, वेणी घातली आणि बोचकं बांधायला उठल्या.

संध्याकाळी त्या शेवटच्या एका घरी जाऊन येते म्हणून गेल्या, तेव्हा मामांनी दोरी सोडली. कातडं हातावरून काढलं तर ते वाकलेलंच राहिलं. हाताला निळे वळ पडले होते आणि कोपर सरळ होईना. मामांनी तुकडा घेऊन बोटं फिरवली. "आला," म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "जवळपास आला."

मला दिसत होतं. आकार होता, पण ह्यांच्या कोपराच्या आत वर्षानुवर्षं वाकून पडलेल्या बारीक सुरकुत्या होत्या, त्या कुठेच नव्हत्या. मी मामांना तसं सांगितलं. त्यांनी हाडाची घोटणी घेतली, कातडं घोटून गुळगुळीत करायला वापरतात ती, आणि तिच्या कडेने माझ्या सांगण्यावरून एकेक सुरकुती दाबून बसवायला लागले. इथे का? जरा वर. एवढी खोल? थोडी कमी. जन्मभर सुरकुत्या मोडणारा माणूस माझ्यापुढे बसून सुरकुत्या घालत होता. मी आत्यांच्या बाटलीतलं तेल घेऊन वरून पुसलं.

मग शिवलं. मामांनी आरीने जुनी भोकं मोकळी करायची, मी दोन सुया घेऊन एकाच भोकातून इकडून तिकडून दोरा ओढायचा. उजव्या हाताला कळ येत होती, पण टाका ओढताना ढिला पडू दिला नाही. आत्या आल्या तेव्हा आम्ही झाकण लावत होतो. उद्या सकाळीच बघायची, असं मामांनी त्यांना सांगितलं, आणि त्या बरं म्हणून आत गेल्या.

सकाळी मामांनी पिशवी त्यांच्या हातात दिली. आत्यांनी वादी खांद्यावर घेतली, पिशवी काखेखाली आली आणि त्यांचा तळवा आपसूक कोपरावर पडला. आम्ही दोघं सवयीने दुसरीकडे बघायला लागलो. तळवा न काढता त्या म्हणाल्या, छान झालीय. कंगवा, चष्मा, तेलाची बाटली, दोन कपडे त्यांनी पिशवीत ठेवले.

मामा रस्त्यापर्यंत येऊ शकत नव्हते. दारात उभे राहिले. आत्यांनी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मामा काय बोलतील म्हणून मी बोचकं उचलून जरा लांब झाले.

"वादी थोडी लांब ठेवलीय," मामा म्हणाले. "आखूड हवी असली तर पुढे दुसरं भोक आहे."

"बरं," आत्या म्हणाल्या.

एवढंच त्यांचं बोलणं झालं. वळणापर्यंत आत्यांनी मागे बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी मामांना काय दिसणार होतं.

गाडी आली. मी बोचकं टपावर चढवलं, आत्यांना खिडकीपाशी जागा मिळाली. पोचल्यावर निरोप पाठवा, थंडीत बाहेर पडू नका, असलं काहीबाही मी खालून बोलत होते. आत्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, हात कोपरावर. गाडीचं इंजिन सुरू झालं तेव्हा त्या खिडकीतून वाकल्या.

"हात बरा आहे का गं आता?"

"बरा आहे."

"काल तुझ्या चिंध्यांना माझ्या तेलाचा वास येत होता," त्या म्हणाल्या. "कोटाला लावते त्या तेलाचा."

काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी मान हलवून थांबवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"म्हाताऱ्यांना कळू देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आणि हात शेकत जा. आवळलं होतं फार."

गाडी हलली. धुळीतून दिसेपर्यंत त्या पिशवीवरच्या हाताकडे बघत होत्या. ते कोपर त्यांच्या पोराचं नव्हतं, माझं होतं, आणि ते माहीत असून त्यांनी ते मांडीवर घेतलं होतं. मी रस्त्यावरच बसले. मग उठले, कारण घरी मामा वाट बघत होते.

ते फळीपुढेच होते. ताणायच्या फळीत राहिलेले खिळे उपटून डब्यात टाकत होते. माझी पावलं ऐकून हात थांबला.

"काय म्हणाली?"

"पिशवी छान झालीय म्हणाल्या."

"कोपर?"

"हाताखालीच धरलं होतं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत."

त्यात खोटं काही नव्हतं. मामांनी मोठा श्वास सोडला. तिला कळलं नाही म्हणजे जमलं होतं आपल्याला, असं काहीतरी पुटपुटले आणि परत खिळे काढायला लागले. मी पाणी ठेवून देते म्हणून आत गेले.

आत उजेड कमी होता. चुलीकडे जाताना खुंटीपाशी माझा हात वर झाला, जिथे बाहीचं तोंड असायचं तिथे, आणि बोटं पुढे गेली. भिंत लागली. मामांच्या हातांनी केलं म्हणून मी त्यांना तेव्हा वाटेल ते बोलले होते, आणि माझे हात तरी कुठे माझं ऐकत होते. भिंतीवर तेलाचा डाग होता, कोटाएवढा. मी त्यावर तळवा टेकला आणि बाहेर मामांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडले.